उसाचं वाण म्हातारं होत नाही, बेणं आजारी पडतं
बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणीच्या पट्ट्यात तक्रार ठरलेली असते: ‘को ८६०३२’ हे उसाचं वाण उतरलं, फुटवा धरत नाही, खोडव्याचं (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाचं) वजन भरत नाही. दोष वाणाच्या माथी मारण्याआधी त्याचं कूळ बघावं.

लागण आपण कांडीनं करतो. म्हणजे निपाणीच्या रानातला ऊस आणि निवड झालेलं पहिलं रोप यांची जनुकं एकच. उसाच्या तुऱ्यात रुजणारं बी असतं, हे जावा आणि बार्बाडोसमध्ये १८८० च्या दशकात पक्कं झालं. त्यानंतरच मुद्दाम संकर करण्याची वाट खुली झाली. आपल्याकडे तुरा येतो, पण भरवशाचं बी धरत नाही. कोइमतूरच्या हवेत धरतं, म्हणून १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र तिथं निघालं.

बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी तिथं जाड, गोड पण नाजूक ‘वेल्लई’ उसावर रानटी कांस गवताचे पराग टाकले. त्यातून आलेला ‘को २०५’ १९१८ मध्ये पंजाबात लागला. कांसात साखर नावालाच, पण काटकपणा आणि खोडव्याची ताकद भरपूर. साखर निम्मी का झाली नाही, याचा उलगडा शास्त्रज्ञ ब्रेमर यांनी १९२० च्या दशकात जावात केला. या संकरात गोड आई आपली निम्मी नव्हे, सगळी ८० गुणसूत्रं देते. रानटी बाप मात्र निम्मीच. पुढं पुन्हा गोड उसाशी संकर करत गेल्यानं आजच्या वाणांत साधारण १०० ते १३० गुणसूत्रं असतात, बहुतेक गोड घराण्याची. मेंडेलच्या वाटाण्यात १४ होती, तीही जोडीजोडीनं, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती, म्हणून त्याला तीनास एक असं स्वच्छ गुणोत्तर दिसलं. उसात एकाच जनुकाच्या दहा-बारा प्रती. तिथं गणित बसत नाही. हजारो रोपं वाढवून, गाळून एखादं वाण हाती यायला डझनभर वर्षं सहज जातात. (वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ १९३४ पासून कोइमतूरला होत्या. त्यांनी तर उसाचा मक्याशी संकर घडवला.)

‘को ८६०३२’ हे ‘को ६२१९८’ आणि ‘कोसी ६७१’ यांचं अपत्य. ‘को’ म्हणजे कोइमतूर. ‘कोएसएनके’ लागलं की ते आपल्या संकेश्वर केंद्राचं.

मग घटतं काय? एखादं उत्परिवर्तन होतंच, पण त्यानं अख्ख्या तालुक्याचं वजन पडत नाही. त्याच त्या बेण्यातून काणी, गवताळ वाढ, मोझॅक हे रोग आणि खोडवा खुजा करणारा जिवाणू पुढच्या लागणीत जातात. हा जिवाणूजन्य रोग क्वीन्सलँडमध्ये १९४४-४५ च्या सुमारास ओळखला गेला. तो कोयत्यावरून पसरतो आणि वरून ओळखू येत नाही. पक्व कांडी उभी चिरली, तर पेऱ्याच्या बुडाशी नारिंगी-तांबूस ठिपके दिसतात, तेही दर वेळी नाही.

उपाय बेणे मळ्यापुरता करतात: नऊ-दहा महिन्यांच्या बेण्याच्या कांड्या ५० अंश पाण्यात दोन तास. कांड्या पडताच पाणी निवतं, म्हणून पारा पुन्हा ५० वर आल्यावरच वेळ मोजायची. दोन-तीन अंश जास्त झाले की कांडीवरचे डोळे मरतात; कमी पडले तर जिवाणू तगतो. पाणी ढवळत राहिलं नाही, तर एकाच टाकीत दोन्ही होतं. नीट केलं तरी उगवण थोडी घटते, त्यामुळं कांड्या दाट लावाव्या लागतात. मोझॅकचा विषाणू मात्र या पाण्याला बधत नाही. त्यासाठी शेंड्याच्या कोंबापासून ऊतिसंवर्धनानं केलेली, विषाणूची तपासणी झालेली रोपंच आणावी लागतात.