नोंद वेगळी की अर्थ वेगळा?

स्पर्धा परीक्षांच्या गाईडांत 'अनेकार्थी शब्द' नावाची यादी असते. कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा, कोणीतरी ती घोकत बसलेलं असतंच. त्यात 'माळ – हार, मोकळं रान' असं एका दमात छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. अहो, हा एक शब्द नाहीच. हे दोन शब्द आहेत, योगायोगानं सारखे दिसणारे.

एका शब्दाला अनेक अर्थ असतात, हे शाळेतच शिकून झालंय. झाडाचं पान, वहीचं पान, विड्याचं पान, पंगतीत वाढलेलं पान. कोशात नोंद एक, तिच्याखाली १, २, ३, ४. मद्यपानातलं 'पान' मात्र वेगळ्या नोंदीत जातं, कारण ते 'पा' म्हणजे पिणे या धातूचं आणि आधीची सगळी पानं 'पर्ण'ची. इथवर कोणी अडखळत नाही.

घोळ पुढं होतो. नवी नोंद कधी करायची आणि जुन्याच नोंदीत नवा आकडा कधी घालायचा? बहुतेकांना वाटतं, अर्थ एकमेकांपासून फार लांब गेले की नोंद वेगळी. साफ चूक. व्युत्पत्तीवर बांधलेला कोश अर्थांतलं अंतर मोजत नाही, उगम बघतो.

'माळ'च घ्या. गळ्यातली माळ, जपाची माळ आणि नवरात्रातली माळ. घटावर रोज एक माळ चढते, म्हणून तो दिवसच 'माळ' झाला. ललिता पंचमीला, म्हणजे पाचव्या माळेला, अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते. यातल्या 'माळे'चा अर्थ इथं पोरासोरांनाही सांगावा लागत नाही. कुठं फुलांचा हार आणि कुठं पंचांगातला दिवस! तरी नोंद एकच, कारण सगळं 'माला'पासून निघालं. उलट गावाबाहेरचा मुरमाड माळ आला तो संस्कृत 'माल'पासून, म्हणजे उंचवट्याच्या जमिनीपासून. त्याला स्वतःची नोंद मिळालीच पाहिजे.

'वर' तर याहून फसवा. बोहल्यावरचा वर आणि देवानं दिलेला वर यांचं काही नातं असेल असं कोणाला वाटत नाही. पण दोन्ही 'वृ' म्हणजे निवडणे या धातूचे. एक निवडलेला माणूस, दुसरी निवडून मागितलेली गोष्ट. 'वर जा' मधला 'वर' मात्र 'उपरि'चा. म्हणजे अर्थ तीन, शब्द दोन.

यावर एखादा हुशार म्हणतो, लिंग बघा की! ती माळ, तो माळ, संपला विषय. खूण बऱ्याचदा लागू पडते, पण तिच्या भरवशावर राहू नका. 'माझा वेळ गेला' आणि 'ती वेळ आली' यांत लिंगं दोन, शब्द एकच, दोन्हीकडे मूळ 'वेला'. त्यापेक्षा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात खंड) उघडा. नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती असते, ती आधी वाचा. लोक नेमका तोच कंस गाळून पुढं जातात.

सगळेच कोश उगम बघतात असंही नाही. परकी भाषा शिकणाऱ्यांसाठीच्या काही कोशांत, दिसायला सारखं ते सगळं एका नोंदीत घालतात. शिकणाऱ्याला शोधायला बरं पडतं, तक्रार नाही. मराठी माणसासाठी काढलेल्या मराठी कोशात मात्र मला हे अजिबात चालत नाही.

राहिला आकड्यांचा क्रम. 'कोशात पहिला दिलाय म्हणजे हाच खरा अर्थ' असं म्हणत वाद घालणाऱ्यांनी आधी त्या कोशाची प्रस्तावना वाचावी. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश १८८४ ते १९२८ असा भागाभागानं निघाला. तो जुना अर्थ आधी देतो, मग तो आज कोणी वापरत नसलं तरी. हाताशी ठेवायच्या कित्येक कोशांत आज चालणारा अर्थ आधी असतो. आपला कोश यांतला कुठला, हे प्रस्तावनेत कळतं. प्रस्तावनाच नसलेला कोश विकत घेऊ नये, स्वस्तात मिळाला तरी.