रायफलची बॅरल १६ इंचांखाली कापायची आहे? कर गेला, फॉर्म १ गेलेला नाही

अमेरिकेत शिकारीसाठी घेतलेल्या रायफलची फ्लूटेड बॅरल, म्हणजे वजन कमी करण्यासाठी बाहेरून लांबट खाचा पाडलेली नळी, कापून आखूड करावी असं बऱ्याच जणांना वाटतं. दाट झाडीत वागवायला सोपी पडते आणि सायलेन्सर लावला तरी लांबी आवाक्यात राहते. कापल्यावर बॅरल किमान १६ इंच आणि पूर्ण रायफल किमान २६ इंच राहणार असेल, तर केंद्राच्या मंजुरीची गरज नाही. यातला एक जरी आकडा खाली गेला, तर ती ‘शॉर्ट बॅरल्ड रायफल’ ठरते. मग एटीएफकडून, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडून, फॉर्म १ (अशी बंदूक बनवण्याच्या परवानगीचा अर्ज) मंजूर होऊन हातात येईपर्यंत बॅरलला करवत लावायची नाही.

सध्या सगळ्यात जास्त गैरसमज पैशांवरून होतो आहे. १९३४ पासून यावर २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला. त्यावरून ‘आता काही लागत नाही’ असं लोक एकमेकांना बिनधास्त सांगतात. कृपा करून ऐकू नका. अर्ज, बोटांचे ठसे, नोंदणी, मंजुरी सगळं तसंच आहे आणि मंजुरीआधी कापलं तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या लोकांनी पात्रता आधी तपासावी. एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला मुख्य अपवाद, आणि त्याची प्रत अर्जासोबत लागते. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. मात्र कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत राहत असाल तर अर्जाच्या वाटेला जाऊ नका. तिथे सामान्य माणसाला अशी रायफल ठेवताच येत नाही, आणि राज्याच्या कायद्यात न बसणारा अर्ज एटीएफ नाकारतं.

कागदपत्रांत पासपोर्ट आकाराचा फोटो, ठशांची दोन कार्डं आणि स्थानिक शेरीफ किंवा पोलीसप्रमुखांना पाठवायची अर्जाची प्रत. शेरीफची सही २०१६ पासून लागत नाही, फक्त कळवायचं असतं, तरी लोक सहीसाठी खेटे घालतात. ट्रस्टच्या नावाने अर्ज असेल तर प्रत्येक जबाबदार व्यक्तीचा वेगळा फॉर्म, फोटो आणि ठसे हवेत. नावाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं. एका कागदावर ते पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर आणि ठशांच्या कार्डावर गायब, असं होऊ देऊ नका.

आता बॅरलची लांबी, कारण ती अर्जात आधीच लिहावी लागते. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं टोक बंद करणारा सरकता भाग, बंद करून नळीच्या तोंडातून सरळ काठी बोल्टला टेकेपर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची आणि तेवढी काठी मोजायची. स्क्रूने बसवलेला मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडावर लावलेला तुकडा, मोजमापात धरत नाहीत. कायमचा वेल्ड केलेला धरतात. फ्लूटेड बॅरलमध्ये आणखी एक पेच असतो. खाचा साधारणपणे तोंडाच्या थोड्या आधी संपतात आणि पुढचा भाग पूर्ण गोल असतो. काप खाचांच्या मध्यात आला, तर सायलेन्सरच्या आट्यांना सलग गोल धातू मिळत नाही. गनस्मिथ (बंदुकीचा कारागीर) मग काप पुढे-मागे सरकवायला सांगतो, आणि मंजूर कागदावर एक लांबी, बंदुकीवर दुसरी असा घोळ होतो. म्हणून गनस्मिथला रायफल आधी दाखवा, लांबी नक्की करा आणि मगच फॉर्म भरा. तो हे काम घेतो का, तेही तेव्हाच विचारा.

मंजुरीनंतर तुमचं किंवा ट्रस्टचं नाव, शहर आणि राज्य बंदुकीवर कोरावं लागतं. खोली किमान ०.००३ इंच. बॅरलवर कोरू नका, खाचांमुळे जागा अपुरी पडते आणि पुढे बॅरल बदलली की कोरीवही जातं. रिसीव्हरवर, म्हणजे बॅरल जिला जोडलेली असते त्या बंदुकीच्या मुख्य चौकटीवर, कोरून घ्या. मूळ सिरियल नंबर मात्र तोच राहतो, त्याला हात लावू नका.

ही रायफल घेऊन दुसऱ्या राज्यात शिकारीला जायचं असेल, किंवा घर हलवायचं असेल, तर निघण्याआधी ५३२०.२० क्रमांकाचा वेगळा फॉर्म मंजूर करून घ्यावा लागतो. शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर तो पाठवू नका, वेळ हाताशी ठेवून पाठवा.