विदर्भाच्या वावरातली ज्वारी कुठे गेली?

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्याचं अंगण खणलं, तर अजून एखादं बुजलेलं पेव सापडतं. जमिनीत खोल खड्डा, आत ज्वारी, तोंडावर माती. दाणा वर्षानुवर्षं टिकायचा. मृग कोरडा गेला तरी घरात भाकर आणि गोठ्यात कडबा. कोरडवाहू शेतीचा विमा तो एवढाच. आज पाऊस लांबला की इथला शेतकरी थेट कर्जात जातो. दोष सगळे कपाशीला देतात. मला तो रिकाम्या पेवात दिसतो.

कपाशी तर इथली जुनीच. हिंगणघाटच्या देशी ‘बनी’चं नाव दूरवर होतं. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर इकडे वळली. १८६७ ला रेल्वे नागपुरात आली, १८७० ला फाटा खामगावला गेला. गाडीतून कापूस गेला तसा दाणाही जाऊ लागला. सोन्याची कुऱ्हाड म्हणवणाऱ्या या मुलखात १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून मेली, हे फारसं कुणी सांगत नाही.

तरीही फेरपालट मोडली नव्हती. यंदा कपाशी, पुढल्या साली ज्वारी. कपाशीच्या पऱ्हाटीत तुरीचं तास, ज्वारीत मूग, धुऱ्याला अंबाडी. देशी कपाशीची मुळं खोल जायची, पावसाने खंड दिला तरी ती तग धरायची.

घसरण सुरू झाली ती चांगल्या हेतूने. १९६४ ला ‘सीएसएच-१’ हे संकरित ज्वारीचं वाण आलं. उतारा भरघोस, पण ताट बुटकं, म्हणजे कडबा कमी. शिवाय पिकायची लवकर, तेव्हा कणीस नेमकं पावसात सापडायचं आणि दाणा काळा पडायचा. काळ्या ज्वारीला बाजारात कोण विचारतो? रेशनचा गहू-तांदूळ घरात आलाच होता. पुढे शंभर-एक दिवसांत रोकड देणारं सोयाबीन आलं आणि ज्वारीचं वावर त्याने घेतलं. त्याचा कडबा होत नाही. बैल कमी झाले, शेणखत कमी झालं.

२००२ ला बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेली कपाशी, आली. ही संकरित अमेरिकन कपाशी बोंडं भरताना पाणी मागते. हलक्या बरड रानात ते कुठून आणायचं? पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीलाच खारं पाणी. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने त्या बियाण्याचाही भरवसा घालवला.

आता कुणी म्हणेल, मग पेरा ना ज्वारी. पण गावात एकट्यानेच पेरली, तर सगळी पाखरं, रानडुकरं आणि रोही (नीलगाई) त्याच्याच वावरात उतरतात. सगळं शिवार पेरायचं, तेव्हा नुकसान वाटून जायचं.