खासगी जेट: हिस्सेदारीचा नफा सदस्यत्वाच्या खात्यात मांडू नका

खासगी जेटचे सदस्यत्व विकणाऱ्या कंपन्या फायद्यात चालू शकतात का, असा विषय निघाला की मुंबईतल्या गुंतवणूकदार मंडळींत एक उत्तर हमखास ऐकू येते: ‘नेटजेट्स ही अमेरिकी खासगी जेट कंपनी चालते, मग इतरांना काय अडचण?’ हे उत्तर चुकीचे आहे. नेटजेट्सचा मूळ धंदा विमानातील हिस्सेदारीचा आहे; व्हील्स अप या दुसऱ्या अमेरिकी कंपनीसारख्यांनी विकले ते सदस्यत्व.

चार्टर, म्हणजे एका प्रवासापुरते विमान भाड्याने घेणे, सर्वांच्या परिचयाचे आहे. मुंबईत कालिन्याहून नांदेडला जायचे आणि विमान दिल्लीत उभे असेल, तर ते रिकामे आणण्याचा खर्चही बिलात लागतो, एवढे ध्यानात असले तरी पुरे. विमानाचा प्रकार, किमान तास, रद्द करण्याची मुदत हे चार्टर, हिस्सेदारी आणि सदस्यत्व यांतले फरक करारपत्र वाचले की कळतात.

खरी गल्लत खर्च कोणाच्या माथी पडतो याविषयी आहे. हिस्सेदार विमानाचा, समजा, सोळावा हिस्सा विकत घेतो, म्हणजे भांडवल त्याचे असते. शिवाय तो प्रवास करो वा न करो, वैमानिकांचे पगार, हँगर (विमान ठेवण्याची शेड) आणि विमा यांसाठी दरमहा व्यवस्थापन शुल्क भरतो. सदस्य वर्गणी भरतो, काही तासांची रक्कम आगाऊ ठेवतो आणि त्या बदल्यात ठरलेला तासाचा दर व हवे तेव्हा विमान मिळण्याची हमी घेतो. इथे विमान सदस्यत्व विकणाऱ्या कंपनीने विकत वा भाड्याने घेतलेले असते, आणि ते जमिनीवर उभे राहिले तरी त्याचा खर्च कंपनीलाच सोसावा लागतो.

एक सदस्य शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून गोव्याला गेला आणि रविवारी परतला, असे धरू. विमान त्याला सोडून रिकामे परत येते आणि रविवारी त्याला आणायला पुन्हा रिकामे जाते. चार उड्डाणांपैकी पैसे दोनांचेच मिळतात. त्याच शुक्रवारी इतर सदस्यांनाही निघायचे असते, स्वतःची विमाने अपुरी पडतात, आणि मग दुसऱ्या कंपनीचे विमान त्या दिवसाच्या चढ्या भावाने घेऊन जुन्याच दराने द्यावे लागते. अशा वेळी नवा सदस्य म्हणजे नवा तोटा ठरू शकतो.

म्हणूनच आगाऊ रकमेला कमाई म्हटलेले मला अजिबात खपत नाही. जिमची वर्षाची फी भरून दोन महिन्यांत यायचे थांबणारा सभासद जिमला परवडतो. येथे पैसे भरलेला सदस्य आपले तास सहसा सोडत नाही, त्यामुळे ती रक्कम कंपनीवरचे देणे असते.

2013 मध्ये स्थापन झालेली व्हील्स अप 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. 2022 मध्ये तिचे उत्पन्न सुमारे 158 कोटी डॉलर होते, तोटा मात्र 55 कोटींहून अधिक. 2023 मध्ये डेल्टा एअरलाइन्स आणि इतर गुंतवणूकदारांच्या पैशावर ती तगली. त्याच वर्षी तिने ठरावीक दराची हमी अमेरिकेतील मोजक्या पट्ट्यांपुरती मर्यादित केली, आणि तो निर्णय मला सर्वस्वी योग्य वाटतो.

हिस्सेदारी म्हणजेही नफ्याची खात्री नव्हे. बर्कशायर हॅथवेने 1998 मध्ये घेतलेल्या नेटजेट्सला 2009 मध्ये करपूर्व 71.1 कोटी डॉलरचा तोटा झाला, कारण मंदीत मागणी आटली आणि हाती असलेल्या विमानांचे मूल्य कमी दाखवावे लागले. 2010 मध्ये ती 20.7 कोटींच्या नफ्यात आली.

सदस्यत्वाचा धंदा फायद्यात येऊ शकतो, पण त्यासाठी गर्दीच्या दिवसांना वेगळा दर, मोजके मार्ग आणि परतीचे प्रवासी मिळतील इतकी दाट मागणी हवी. मुंबई विमानतळावर गर्दीच्या तासांत खासगी उड्डाणांवर निर्बंध असतात आणि पार्किंगची जागाही अपुरी आहे. त्यामुळे येथे कोणी ठरलेला दर आणि हमखास विमान अशी दोन्ही आश्वासने देत असेल, तर सदस्यसंख्या विचारण्याआधी उडालेल्या तासांपैकी किती तासांचे पैसे मिळाले, हे मी विचारेन.