द्राक्षाचे जुने वाण व त्यांचे जतन (कोल्हापूर परिसर)

द्राक्षाचे जुने वाण : एखाद्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या लावले गेलेले, तिथल्या हवापाण्यात रुळलेले द्राक्षवेलींचे प्रकार. त्यांच्या जतनात वेलींबरोबर मनुके, आसवे (आंबवून केलेली औषधी पेये) व मद्य करण्याच्या स्थानिक रीतीही येतात. बागायती द्राक्ष मूळचे पश्चिम आशियाकडचे. सह्याद्रीत त्याच्या कुळातली कांडवेल रानोमाळ दिसते, पण ती वेगळी जात. त्यामुळे आपल्याकडे ‘देशी’ म्हणजे दख्खनमध्ये मुरलेले वाण. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांना वर्षातून दोनदा बहर येतो, असे लिहून ठेवले आहे.

कोल्हापूरचा द्राक्षमद्याशी संबंध याहून जुना असावा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर रोमन धाटणीच्या कांस्यवस्तूंचा साठा मिळाला आणि १९४५-४६ मध्ये तिथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. त्या साठ्यातली पोसायडन या समुद्रदेवाची मूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. तिच्याबरोबर पेय ओतण्याची भांडीही सापडली. तेर व नेवासे येथे भूमध्य समुद्राकडून मद्य आणणाऱ्या कुंभांची खापरे मिळाली आहेत, तेव्हा सातवाहनकाळी ही आयात दख्खनच्या बाजारपेठांत पोचत होती हे नक्की. म्हणून इथे द्राक्षमळेही होते, असे मात्र म्हणता येत नाही. गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस या वेलीला सोसत नाही. पूर्वेकडच्या शिरोळ भागात पाऊस पुष्कळ कमी, पण तिथली पाण्याखालची जमीन उसाने व्यापली. द्राक्षबागांचा खरा पट्टा शेजारी तासगाव-मिरजेकडे.

फकडी, भोकरी, पंढरी साहेबी हे महाराष्ट्रातले जुने, बियांचे वाण. पंढरी साहेबीच्या रोपांतून पुण्याच्या गणेशखिंड येथे चीमा साहेबी निवडली गेली. पुढे बिनबियांची थॉमसन सीडलेस आली आणि बाजाराने बियांच्या द्राक्षाकडे पाठ फिरवली. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच वेगळा निघालेला वेल हेरला व ‘तास-ए-गणेश’ हा वाण पुढे आणला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ तसाच निवडला. बागायतदाराच्या नजरेला पारखण्याची ताकद किती असते, याची ही ठळक उदाहरणे आहेत. पण हे दोन्ही थॉमसनचेच वंशज, म्हणजे बागा वाढल्या तरी विविधता रोडावलीच.

या पिकात वाण टिकवणे अवघड का, ते छाटणीच्या वेळी कळते. द्राक्षाचे बी पेरले तर मूळ वेलीसारखे रोप येत नाही. आंबट, बारीक मण्यांचेही निघते. वाण पुढे न्यायचा तर तीन-चार डोळ्यांची पक्व काडी कापून ती रुजवायची किंवा खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळे धरलेल्या बुंध्यावर, कलम म्हणून भरायची. ऑक्टोबरच्या फळछाटणीत अशा काड्यांचे ढीग बांधावर पडतात आणि जळणात जातात. भाताचे बी कणगीत किंवा शीतगृहात ठेवता येते. वेलीचा वाण मात्र मुख्यतः जिवंत बागेतच जगतो. मांडव मोडून ऊस लावला आणि त्या वाणाची काडी दुसरीकडे कुठेच नसली, की वाण संपला. आता बहुतेक लागवड अमेरिकी मुळाच्या डॉगरिज खुंटावर होते. क्षार व पाण्याच्या टंचाईपुढे तो खुंट उपयोगी पडतो. पण जुना वेल स्वतःच्या मुळावर कसा वागतो, हे पाहायचे तर काही झाडे कलम न करताही वाढवावी लागतात.

मद्याचा वारसा पाहताना नजर थेट आधुनिक वायनरीकडे जाते. सांगली जिल्ह्यात पलूसला व नाशिककडे विंचूरला वाइन पार्क झाले, तरी तिथली मदार सिराह, शेनिन ब्लां अशा फ्रेंच वाणांवर. इथला जिवंत वारसा वैद्यांच्या आसव-अरिष्टांत जास्त आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याचा उल्लेख आहे. द्राक्षासव व द्राक्षारिष्ट आजही औषधाच्या दुकानात मिळतात. मनुकांच्या काढ्यात वा रसात गूळ, साखर किंवा मध घालतात, आंबवण्यासाठी धायटीची लाल फुले टाकतात, भांड्याचे तोंड बंद करून ते महिनाभर निवांत ठेवतात. धायटी सह्याद्रीत आपसूक वाढते आणि गूळ तर कोल्हापूरचाच. जतनाच्या आराखड्यांत ही रीत क्वचितच धरली जाते. ती धरायलाच हवी.

जॉर्जियात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षमद्याच्या खुणा मिळाल्या आहेत. जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्री’ रांजणांत मद्य करण्याची तिथली पद्धत युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. तिथले शेकडो देशी वाण संग्रह-बागांत राखले जातात. आपल्याकडे पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र (स्थापना १९९७) वाणांचा असा संग्रह सांभाळते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची नोंदणी त्यांच्याच नावे होऊ शकते. त्यासाठी काडी घेतानाच गाव, मालक, वेलीचे अंदाजे वय आणि लोक तिला काय म्हणतात, हे टिपून ठेवावे लागते. शिवाय एकच वाण निदान दोन वेगळ्या ठिकाणी लावावा लागतो, कारण एका गारपिटीत अख्खा मांडव जातो.