रॅम वाढवली तरी क्वेरी स्लोच? आधी बफर पूल बघा

रिपोर्ट उघडायला मिनिटभर लागला की ऑफिसात एकच सल्ला मिळतो, रॅम वाढवा. मग ३२ जीबीचा सर्वर येतो, बिल वाढतं आणि रिपोर्ट पहिल्यासारखाच रडतखडत उघडतो. कारण मायएसक्यूएल या डेटाबेसला मशीनमध्ये किती रॅम आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, तुम्ही सेटिंगमध्ये जेवढी लिहून द्याल तेवढीच तो घेतो, आणि काहीच लिहिलं नाही तर बफर पूल, म्हणजे डेटा हाताशी ठेवायची त्याची रॅममधली जागा, असतो फक्त १२८ एमबीचा!

इनोडीबी हे मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन. ते डेटा १६ केबीच्या पानांमध्ये ठेवतं आणि डिस्कवरून वाचलेलं पान आधी या बफर पूलमध्ये आणतं. १२८ एमबीत अशी पानं मावतात ८१९२. तुमचं टेबल २ जीबीचं असेल तर त्याची पानं होतात सव्वा लाखाच्या वर. उरलेली रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशला थोडीफार कामी येते, पण त्यावर विसंबून राहू नका.

हिट रेट, म्हणजे मागितलेलं पान डिस्कवर न जाता पूलमध्येच मिळायचं प्रमाण, ९९ टक्के आहे म्हणून खूश होणारे पण बरेच भेटतात. रॅममधून पान मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद धरा आणि एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. १०० वेळा पान मागितलं तर रॅममधल्या ९९ पानांना मिळून लागतात १० मायक्रोसेकंद आणि त्या एका चुकलेल्या पानाला एकट्याला १००. हिट रेट ९९ वरून ९९.९ वर नेला तर हाच वेळ साधारण साडेपाच पटीने कमी होतो.

आता पूल भरल्यावर नव्या पानासाठी जुनं कुठलं काढायचं? जे सगळ्यात जास्त वेळ कुणी वापरलं नाही ते काढा, यालाच एलआरयू म्हणतात. पण रात्री बॅकअप सुरू होतो, तो एकेक टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जातो, ती पानं पुन्हा कुणालाच लागणार नसतात पण आत्ताच वापरली म्हणून रांगेत पुढे जाऊन बसतात आणि दिवसभर लागणारी पानं बाहेर फेकली जातात, मग सकाळी येणाऱ्या पहिल्या माणसाला सगळंच स्लो.

इनोडीबीचा यावरचा तोडगा मला प्रचंड आवडतो. नवं पान रांगेच्या तोंडाशी न ठेवता शेवटाकडून साधारण ३/८ अंतरावर घुसवायचं. वाड्यात नवख्या माणसाला आधी ओसरीवर बसवायचे, ओळख पटली की मगच माजघरात, तसं. पुन्हा कुणी मागितलं तर पान पुढे जातं, नाहीतर मागच्या मागे बाहेर. पण इथे एक मेख आहे. एका पानात ८० ओळी असतील तर स्कॅन करताना त्याच पानाला क्षणार्धात पुन्हा पुन्हा हात लागतो, म्हणजे फुकटच ते लोकप्रिय दिसायला लागतं. म्हणून घड्याळ लावलंय, पहिला हात लागल्यापासून १००० मिलिसेकंदांच्या आत कितीही वेळा वापरलं तरी ते मोजायचं नाही, त्यानंतर कुणी आलं तरच बढती. व्हर्जन ५.६ पासून हे डिफॉल्ट आहे. आणि पुढच्या भागातलं पान वापरलं तरी ते दरवेळी तोंडाशी नेत नाहीत, बरंच मागे गेलेलं असेल तरच नेतात, कारण रांग हलवायची तर म्युटेक्स लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, घ्यावं लागतं आणि एकाच वेळी चालणारी शेकडो कामं (थ्रेड) त्याच एका लॉकसाठी ताटकळली तर कॅशचा फायदा तिथेच संपला.

हे चालू असताना बघता येतं. बॅकअपच्या वेळी शो इंजिन इनोडीबी स्टेटस चालवा, त्यात पेजेस मेड यंग (बढती मिळालेली) आणि नॉट यंग (न मिळालेली) असे आकडे येतात. नॉट यंग झपाझप वाढतोय आणि यंग जेमतेम हलतोय म्हणजे तुमची कामाची पानं शाबूत आहेत.

आणि कृपा करून रोज रात्री सर्वर रीस्टार्ट करायचा तोडगा बंद करा, त्याने काहीही फ्रेश होत नाही, उलट कामाच्या पानांनी भरलेला पूल रिकामा होतो. ५.७ पासून बंद होताना वरच्या २५ टक्के पानांची यादी लिहून ठेवली जाते आणि सुरू झाल्यावर ती परत आणतात, पण बाकीची गेलीच. तसंच नेटवरून कॉपी केलेली जादूची सेटिंगं. सॉर्ट बफर, म्हणजे ओळी क्रमाने लावायला घेतलेली रॅम, हा प्रत्येक कनेक्शनचा वेगळा असतो, डिफॉल्ट २५६ केबी. कुणीतरी तो २५६ एमबी करा म्हणतं, कनेक्शनची डिफॉल्ट मर्यादा १५१, सगळ्यांनी एकदम मोठं सॉर्टिंग काढलं तर जवळपास ३८ जीबी लागतील आणि लिनक्स मायएसक्यूएललाच मारून टाकेल.

सर्वरवर फक्त डेटाबेसच असेल तर बफर पूलला रॅमच्या ७० ते ८० टक्के द्या, ५.७ पासून रीस्टार्ट न करता बदलता येतं. मग गर्दीच्या वेळी इनोडीबी बफर पूल रीड्स हा आकडा दर मिनिटाला किती वाढतो ते बघत राहा, डिस्कपर्यंत जावं लागलं की तोच वाढतो. तो जवळपास थांबला आणि क्वेरी तरीही स्लो असेल तर दोष मेमरीचा नाही. क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्स्प्लेन लावा, टाइपच्या रकान्यात ऑल (म्हणजे अख्खं टेबल वाचलं जातंय) दिसलं आणि टेबल मोठं असलं तर इंडेक्स, म्हणजे हवी ती ओळ पटकन शोधून देणारी सूची, टाका.