पार्श्वभूमी : गोव्यातल्या पर्वरीचे ‘पवर्री’ कसे झाले

सायबर फसवणुकीत पैसे गेले तर फोन करायचा म्हणून केंद्र सरकारने २०२१ मध्ये १५५२६० हा क्रमांक दिला. २०२२ मध्ये त्याच्या जागी १९३० आला. गेलेली रक्कम काही मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात सरकते. तक्रार लवकर पोचली तरच बँकेला ती वाटेत रोखता येते. अशा वेळी हाताशी असलेल्या मराठी कात्रणात जुना आकडा निघाला, तर वाया जातो तो नेमका हाच वेळ.

मोबाईल टॉवरचेही तसेच. गावात टॉवर येणार म्हटले की ग्रामसभेत किरणांचा प्रश्न निघतो, आणि तो निघायलाच हवा. पण १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या किरणांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ४.५ वॅटवरून ०.४५ वॅट झाली. त्याआधीचा लेख हातात घेऊन बोलणारा माणूस दहापट चुकीच्या आकड्यावर भांडतो. २०१७ पासून ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. भांडायचे तर मोजणीचा कागद हातात घेऊन भांडावे.

मग जुनी बातमी टिकते आणि दुरुस्ती हरवते, ती का? गोव्याला छापील शब्द नवा नाही. १५५६ मध्ये इथे छापखाना आला. मुक्तीनंतर १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ आणि १९७० मध्ये ‘नवप्रभा’ ही मराठी दैनिके निघाली. अडचण संगणकावर पाने लागू लागली तेव्हा सुरू झाली.

डीटीपीचे (संगणकावर पाने लावण्याचे) मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली देवनागरी चित्रे. पडद्यावर ‘पणजी’ दिसायचे, पण फाइलमध्ये असायची इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. छपाईसाठी हे पुरेसे होते, कारण कागदाला फक्त आकार लागतो. संकेतस्थळावर मात्र तो फॉन्ट वाचकाकडे नसला की मजकुराचा कचरा दिसायचा, आणि शोधयंत्राला तर त्यात मराठी सापडायचीच नाही. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, होती, तरी विंडोज एक्सपीवर ती नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमधल्या ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागे. बहुधा विंडोजची सीडी मागितली जाई, मग रिस्टार्ट. एवढी खटपट किती घरांत होणार! त्या वर्षांतला मराठी मजकूर म्हणूनच आज शोधात येत नाही. राहतो तो पानाचा फोटो, आणि फोटोतला आकडा कोणी दुरुस्त करत नाही.

जुना मजकूर सोडवता येतो, पण जपून. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा. पीडीएफ असेल तर ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘फॉन्ट्स’मध्ये फॉन्टचे नेमके नाव पाहा, कारण एका फॉन्टचा कन्व्हर्टर (मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे साधन) दुसऱ्याला चालत नाही. आधी एकच परिच्छेद रूपांतरित करून वाचा.

बहुतेक चुका क्रमाच्या असतात. जुना फॉन्ट अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. पर्वरीतला रफार दिसतो ‘व’च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फाइलमध्ये तो ‘व’नंतर येतो. युनिकोडमध्ये तो ‘र्’ म्हणून ‘व’च्या आधी हवा. कन्व्हर्टरने तो उचलून मागे नेला नाही तर ‘पवर्री’ उमटते. पहिल्या वेलांटीचे उलटे : ‘डिचोली’त ती ‘ड’च्या आधी साठवलेली असते, नंतर जायला हवी, नाहीतर ‘िडचोली’. राजधानीशेजारचे गाव आणि एक अख्खा तालुका असे शोधातून गायब होतात. वाचणाऱ्याचे डोळे ही चूक सहज माफ करतात, शोधयंत्र करत नाही.

‘म्हादई खोऱ्यात’ मधला ‘ऱ्या’ तर दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र्’नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखेच, पण साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द. सगळीकडे एकच रूप ठेवा. मजकुरातले इंग्रजी शब्द आणि आकडे शेवटी हाताने तपासा. रूपांतरात इंग्रजी शब्दाची भलतीच देवनागरी होते, आणि फोन क्रमांकातला एक अंक बिघडला तरी सगळी मेहनत फुकट जाते.

बातमी पुन्हा चढवताना तिच्याखाली दोन तारखा हव्यात : ती छापली केव्हा, आणि तिच्यातला नियम किंवा क्रमांक शेवटचा तपासला केव्हा. १५५२६० असलेले पान पुसून टाकू नका. त्याच पानाच्या माथ्यावर ‘आता १९३०’ अशी ओळ घाला, म्हणजे जुना क्रमांक शोधत आलेल्यालाही नवा सापडेल.